झोइलाला, तिच्या एकटीला

मी अम्मिया, पारामोनची मुलगी, डोलेस खलाशाची विधवा, वय एकोणसाठ, धंदा हार करण्याचा, राहणार थेस्सलोनिका, बंदराकडच्या उतारावर, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाने वा भिडेने नव्हे, स्वखुशीने हे मृत्युपत्र लिहवून ठेवत आहे. माझे पाय सुजले आहेत, खाटेवरून दारापर्यंत गेले की धाप लागते, आणि वैद्य अलीकडे माझ्याकडे न बघता बोलतो. डोके मात्र ठिकाणावर आहे. कोणाला शंका असेल तर त्याने लेखनिक हर्मियास याला विचारावे. सकाळपासून मी त्याच्या तीन चुका काढल्या आहेत.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. ते रागात केले होते, सबब रद्द समजावे. हे मी मत्सरात करत आहे. हर्मियास म्हणतो, असे कोणी लिहीत नाही. मी म्हटले, लिही.

कलम पहिले. उतारावरचे माझे राहते घर, भांडीकुंडी, मोठा रांजण, देव्हारा व त्यातील देव, हे सर्व माझा भाचा बिथिस, चामडी कमावणारा, याला मिळावे. बिथिस मनाचा चांगला आहे. त्याच्या अंगाचा वास जात नाही हा त्याचा दोष नव्हे. त्याची बायको सेकुंदा गेल्या महिन्यात मला बघायला आली आणि "आत्याबाई, बरं वाटतंय ना?" असे विचारता विचारता स्वयंपाकघर पावलांनी मोजत होती. अकरा पावले झाली. मी खाटेवर पडून मोजत होते. घर मी बिथिसला देत आहे, सेकुंदाला नाही, हे येथे स्पष्ट नमूद करते. त्याने फरक काही पडणार नाही, तरी नमूद करते.

कलम दुसरे. आमच्या ओळीतली हारवाली प्लोतिना हिला माझी गवती टोपली द्यावी, जिच्यात मी कालची फुले ठेवते. ताज्या हारात कालची फुले खपवण्याची कला तिला वीस वर्षांपासून येते. टोपली योग्य हाती पडेल.

कलम तिसरे. माझी निळी शाल पाणी भरणाऱ्या बाईला द्यावी. ती फार बोलते, पण पाणी वेळेवर आणते.

कलम चौथे. सरापिसच्या देवळासमोरचे माझे दुकान, त्यातील बाक, कात्र्या, सुया, सालीच्या दोऱ्याची सर्व भेंडोळी, तसेच पश्चिम वेशीबाहेरची गुलाबाची बाग, विहिरीच्या हक्कासह, हे सर्व झोइलाला, नीकेच्या मुलीला, तिच्या एकटीला मिळावे. तिने ते ख्रिस्ती मंडळींच्या सामायिक पेटीत घालू नये. त्यांच्यात एकाचे ते सगळ्यांचे अशी रीत आहे, ती मला माहीत आहे. म्हणूनच बजावते. मी झोइलाला देत आहे, मंडळींना नाही. मंडळींनी माझ्याकडून आधीच पुष्कळ नेले आहे.

काय नेले ते आता लिहवते, कारण त्याशिवाय पुढची कलमे कोणाला कळणार नाहीत.

झोइला आणि मी अकरा-बारा वर्षांच्या असताना एकाच म्हाताऱ्या हारवालीकडे काम शिकलो. झोइला लॉरेलची डहाळी वाकवायची, मी फुले खोवायची. तिच्या बोटांना जी लय होती ती देवाने मला दिली नाही. माझा हार घट्ट व्हायचा, तिचा जिवंत दिसायचा. पुढे आम्ही दोघींनी मिळून दुकान घातले. लग्नाचे, विजयाचे, जत्रेचे, मयताचे, सगळे हार आमच्याकडून जात. माझा डोलेस बुडाला तेव्हा तिने चाळीस दिवस माझ्या घरी अंथरूण घातले होते. तिने लग्न केले नाही. मी दुसरे केले नाही. लोक म्हणत, एक बोलावली की दुसरी येते. ते ऐकून मला बरे वाटायचे.

मी चाळीसची झाले त्या वर्षी ती सकाळी उशिरा येऊ लागली. हातांना राखेच्या पाण्याचा वास.

"कुठे होतीस?"

"रोडोपेकडे."

"कोण रोडोपे?"

"परटांच्या गल्लीतली. ताई आहे माझी."

"तुला ताई कधी झाली? तुझ्या आईला तू एकटी."

ती हसली. म्हणाली, "झाली गं. आता झाली. तू पण ये ना एकदा."

रोडोपे ही सुटका झालेली दासी, कपडे धुणारी, एका कानाने बहिरी, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. रूप नाही, बोलणे नाही. तीस वर्षांत झोइलाने मला कधी ताई म्हटले नव्हते. मी अम्मियाच होते.

एकदा मी गेले. आत नाही, दारापर्यंत. फटीतून पाहिले तर दहा-बारा माणसे जेवायला बसली होती, गोदीतले हमाल, दोन विधवा, एक बरा माणूस बऱ्या कपड्यांतला. झोइला कोपऱ्यात बसून रोडोपेच्या हातांना तेल लावत होती. परटिणीचे हात, खाऱ्या पाण्याने चिरलेले. एकेक बोट हातात घेऊन चोळत होती, जणू तिला दुसरे काम नव्हते. माझ्या हातांना लहानपणापासून गुलाबाचे काटे बोचत आले. माझ्या हातांना कोणी तेल लावले नाही. मी तशीच परत आले आणि त्या दिवशी तीन हार बिघडवले.

पुढे तिने देवळाचे हार करणे सोडले. म्हणाली, "माणसांसाठी करीन, अम्मिया. लग्नाला करीन, लेकरांना करीन. देवांसाठी नाही." देवळासमोर दुकान आणि देवांसाठी हार नाही! शेजारचा टोर्कस खाटीक नवसाचे मटण विकायचा. झोइलाची मंडळी ते विकत घेत नसत, म्हणून तो आधीच खवळलेला. तो येता-जाता विचारायचा, "काय गं, तुझ्या मैत्रिणीला आमचे देव ओवाळून टाकायचेत का?" मी तिची बाजू घेतली नाही. गप्प बसले. आता ते गप्प बसणेही मी मोजते.

मग मी तिला एक दिवस विचारले, गोडीत विचारले, "तुम्ही तिथे खाता काय गं एवढं, की रोज जावंसं वाटतं?"

तिने सुई खाली ठेवली. हे बाहेरच्यांना सांगायचे नसते, असे म्हणाली. आणि मला सांगितले. ते एकमेकांना भाऊ-बहीण म्हणतात, भेटताना कपाळाचे नाही, ओठांचे चुंबन घेतात. भाकर मोडतात आणि म्हणतात हे त्याचे शरीर, प्याला फिरवतात आणि म्हणतात हे त्याचे रक्त. त्याचे म्हणजे ज्याला खिळले त्याचे. सांगताना तिचे डोळे भरून आले होते. मला त्यातले फार काही कळले नाही. एवढेच कळले की माझ्यासाठी तिचे डोळे असे कधी भरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी हौदावर घागर भरताना आमच्या उतारावरची क्रिस्पिना म्हणाली, "झोइला दिसत नाही हल्ली?"

मी म्हटले, "ती आता तिकडे जेवते. शरीर खातात म्हणे तिथे. रक्त पितात. कोणाचं ते मला विचारू नका."

खोटे एक अक्षर नव्हते. हेच मी स्वतःला पुढे सांगत राहिले. भाकर हा शब्द तेवढा मी घागरीत बुडवला.

आठ दिवसांत ती गोष्ट मासळीबाजारातून माझ्याकडे परत आली. आता तिच्यात तान्हे मूल होते. मुलाला पिठात घोळवतात, नव्या माणसाच्या हाती सुरी देतात, त्याला वाटते भाकरच आहे, तो सुरी चालवतो, मग सगळे मिळून खातात. कोळीण अगदी जवळ येऊन सांगत होती. "आणि मग दिवे विझवतात गं. दिवा कुत्र्याला बांधतात म्हणे, कुत्रं पळालं की अंधार. आणि पुढे काय होतं ते बाईमाणसाने बोलू नये." त्या कापडात माझा दोरा कुठला ते मला लगेच ओळखू आले. मी तिथेच म्हणायला हवे होते की बाई, ते भाकर खातात. मी म्हटले, "भाऊ-बहीण म्हणवतात आणि ओठांचे मुके घेतात, एवढं मला नक्की माहीत आहे."

कोळीण खूश झाली.

झोइलाला लोक टोचू लागले. तिच्या हाराने मुलांना बाधा होईल म्हणून आया मुलांना मागे ओढू लागल्या. कोणी बाकावर घाण टाकली. ती पुसायची आणि कामाला बसायची. संध्याकाळी एकदा मला म्हणाली, "लोकांना हे कोण सांगतं गं?" मी म्हटले, "लोकांना कोणी सांगावं लागतं का?" तिने माझ्याकडे पाहिले. त्या दिवसापासून तिला माहीत होते. ते शब्द तिने दुसऱ्या कोणाला सांगितलेच नव्हते. दुसऱ्या महिन्यात तिने तिचा बाक उचलून नेला.

आता सोळा वर्षांपूर्वीच्या त्या दिवसाचे लिहवते. पाऊस नव्हता, बंदरात ताप होता, लोक आधीच कोणाचा तरी दोष शोधत होते. जत्रेच्या दुपारी क्रिस्पिना केस मोकळे सोडून चौकात धावत आली. तिची एल्पिस, तीन वर्षांची, सकाळपासून सापडत नव्हती. सगळे विहिरी बघू लागले. टोर्कस दुकानातून बाहेर आला आणि म्हणाला, "विहिरी कसल्या बघता? मुलं कुठे जातात ते सगळ्यांना माहीत आहे."

कोणी हलले नाही. अजून कोणी हलले नव्हते, हे मला स्पष्ट आठवते. मग तो माझ्याकडे वळला.

"अम्मिया, तुझी मैत्रीण आहे त्यांच्यात. तूच सांगितलं होतंस ना? खरं आहे ना ते?"

क्रिस्पिना माझ्याकडे बघत होती. पन्नासेक माणसे बघत होती. आणि मला त्या क्षणी तेल लावलेले ते हात दिसले. मी मान हलवली. वरून खाली. एकदा.

मी त्यांच्या मागून गेले, लांबून. परटांच्या गल्लीत रोडोपे दारात उभी राहिली. बहिरी असल्यामुळे तिला अर्धे ऐकू आले नसावे. ती म्हणाली, "या, आत येऊन बघा, काही लपवलेलं नाही." ते आत गेले. आत कपड्यांच्या टाक्या होत्या, एक टोपली भाकर होती आणि पिठाचा डेरा होता. पिठाचा डेरा कोणाच्या घरात नसतो? पण गोष्टीत पीठ होते, आणि इथेही पीठ होते. "पीठ! पीठ!" असा ओरडा झाला. त्यानंतरचे मी पाहिले नाही. भिंतीकडे तोंड करून उभी होते. ऐकले मात्र सगळे. झोइला रोडोपेच्या अंगावर आडवी पडली होती, असे मागून कळले. तिच्या उजव्या हातावर कपडे दाबायचा दगड टाकला. रोडोपे तिसऱ्या दिवशी गेली.

तिच्या मरणाची बातमी मला दुकानात कळली. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: आता झोइला परत येईल.

हर्मियास, हेही लिही. वगळू नकोस.

एल्पिस त्याच दिवशी उन्हे उतरताना परत आली. तिची मावशी तिला गाढवावर बसवून गावाबाहेर आजीकडे घेऊन गेली होती. दोघी बहिणींचे भांडण होते म्हणून सांगितले नव्हते. पोर दोन्ही हातांत अंजिरे घेऊन चौकात उतरली. सगळ्यांनी पाहिले. दोन दिवसांनी टोर्कस म्हणू लागला, "आपण वेळेवर गेलो म्हणून पोर वाचली," आणि लोकांनी माना डोलावल्या.

महिन्याने झोइला माझ्या दारात आली. हात फळीला बांधलेला. मी भिऊन उभी राहिले. मला वाटले, आता ती माझे केस धरील, थुंकेल, ओरडेल. मी त्याची तयारी करून ठेवली होती. खरे म्हणजे मी त्याची वाट बघत होते. ती उंबऱ्यापाशी बसली, पाणी मागितले, प्यायली आणि म्हणाली, "अम्मिया, आम्ही सगळ्यांना क्षमा केली. टोर्कसला, क्रिस्पिनाला, मासळीबाजारातल्यांना, ज्याने दगड टाकला त्याला. तुलाही." आणि उठून गेली.

तुलाही! बाजारात पालेभाजीची जुडी बांधतात तशी मला खाटकाबरोबर आणि कोळणींबरोबर जुडीत बांधली. तीस वर्षे जिच्याबरोबर एका दोऱ्यात फुले ओवली तिने मला त्या शेवटच्या एका शब्दात उरकले. त्यांच्या देवाचा मला राग आला तो त्या दिवशी. त्याने माझी मैत्रीण नेली, आणि तिचा राग होता तोही नेला, जो माझ्या हक्काचा होता.

त्यानंतर सोळा वर्षे. त्या हाताने तिला हार करता येईना. ती आजाऱ्यांकडे बसू लागली, बंदरात टाकून दिलेल्यांना घरी आणू लागली. रस्त्यात भेटली की "बरी आहेस ना?" म्हणायची. सगळ्यांनाच म्हणायची. मी तिला कधी काही सांगितले नाही. हौदावर कधी काही दुरुस्त केले नाही.

आता यंदाचे. पाऊस पुन्हा नाही आणि ताप पुन्हा आहे. ख्रिस्त्यांना गावाबाहेर घालवावे असा अर्ज नगराच्या अधिकाऱ्यांकडे तयार होत आहे, आणि त्यात पहिले नाव झोइलाचे आहे, कारण आता तीच त्यांच्यात वडीलधारी. गेल्या आठवड्यात पाणी आणणारी बाई मला म्हणाली, "मावशी, हे लोक फार वाईट हो. सोळा वर्षांपूर्वी एक पोर खाल्लं होतं त्यांनी. एल्पिस नावाची."

मी म्हटले, "अगं, एल्पिस जिवंत आहे. तुझ्याच गल्लीत राहते. लग्न झालंय तिचं."

ती म्हणाली, "ती वेगळी एल्पिस."

त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी मी हर्मियासला बोलावणे धाडले.

कलम पाचवे. मृत्युपत्र मेल्यावर वाचतात. मी मरेपर्यंत अर्ज थांबणार नाही. सबब हे मृत्युपत्र मी जिवंत असतानाच, भर दिवसा, हारवाल्यांच्या ओळीत, सर्वांसमोर मोठ्याने वाचावे, आणि चौथे कलम त्यातून गाळू नये. वाचताना मी तिथे हजर असेन. ज्याला दगड मारायचा असेल त्याला मी सापडेन.

कलम सहावे. चौथ्या कलमातील दुकान व बाग झोइलाला मिळण्यास एक अट आहे. तिने माझ्याकडे येऊन एकदा माझ्यावर रागवावे. माझ्या एकटीवर, माझे नाव घेऊन. मंडळींसह नको, खाटकाबरोबर नको. त्यानंतर तिला हवे तर तिने क्षमा करावी, नको तर करू नये. रागावल्याशिवाय बाग मिळणार नाही.

इथपर्यंत लिहून झाले त्याला आज नऊ दिवस झाले. पुढचे आता लिहवते.

सेकुंदाला पाचव्या कलमाचा वास लागला. ती आली आणि हात जोडून म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही जाल. आम्हाला या गावात राहायचंय." तिच्याविषयी मी वर जे लिहिले ते खरे आहे, पण हेही तिचे खरे होते. बिथिस दाराशी उभा राहून ऐकत होता. मग त्याने खुर्चीला दोन दांडे बांधले आणि त्याच्या कारखान्यातल्या माणसाला हाक मारली. "चल आत्या," एवढेच म्हणाला.

सकाळची गर्दी होती. हर्मियासने वाचायला सुरुवात केली. सेकुंदाची पावले आली तेव्हा लोक हसले, प्लोतिनाची टोपली आली तेव्हा जास्त हसले. प्लोतिना मला शिव्या देत पुढे आली ती तिथेच थांबली, कारण चौथे कलम सुरू झाले होते. हर्मियासचा आवाज खाली आला, तसा मी त्याला म्हटले, "मोठ्याने." मी मान हलवली तिथपर्यंत तो आला तेव्हा एवढी गर्दी असून देवळातल्या कबुतरांचा आवाज ऐकू येत होता.

टोर्कस आता म्हातारा झाला आहे, काठी घेऊन असतो. तो म्हणाला, "भ्रमिष्ट झाली ही! त्यांनी चेटूक केलंय हिच्यावर!" कोणीतरी दगड मारला. तो हर्मियासच्या खांद्याला लागला. हर्मियासने वाचणे थांबवले नाही, हे मी त्याच्या हाताने येथे लिहवून घेत आहे, तो नको म्हणत असताना.

मग कोणी मागून ओरडले, "त्या एल्पिसचं काय? तिला खाल्लंच ना?"

गर्दीतून एक पोरगी पुढे आली. पोटुशी, कमरेवर कपड्यांची टोपली. "एल्पिस मीच," ती म्हणाली. "क्रिस्पिनाची. अंजिरं खात परत आले तर आईने थोबाडीत दिली, ती अजून आठवते. मला कोणी खाल्लं ते दाखवा बघू. समोर उभं करा."

"ती वेगळी..." असे कोणी म्हणू लागले.

"वेगळी कोण? सांगा ना कोणाची? बाप कोण तिचा?"

कोणाला बाप सांगता येईना. काही हसले. कोळणींच्या ओळीतल्या एका म्हाताऱ्या बाईने पदर तोंडाला लावला. ती होती तिथेच खाली बसली. ती कोण ते मी ओळखले, नाव लिहवत नाही.

सगळ्यांनी विश्वास ठेवला असे नाही. अर्धे अजूनही म्हणतात म्हातारीला मंतरले. माझ्या दुकानाच्या फळ्या त्याच दुपारी फोडल्या. बिथिसला दोन गिऱ्हाइकांनी चामडी परत केली. पण अर्जावर सह्या केलेल्यांपैकी पुष्कळांनी आपली नावे खोडवून घेतली, आणि अधिकाऱ्यांनी तो कागद सुगीपर्यंत बाजूला ठेवला आहे. सुगीनंतर काय ते बघायला मी नसेन. झोइला गावात आहे.

ती तिसऱ्या दिवशी आली. दारात उभी राहिली. बस म्हटले तरी बसली नाही.

"सगळ्या गावासमोर वाचून घेतलंस?"

"हो."

"सोळा वर्षं तोंडात काय धरलं होतंस? आता मरायला टेकलीस तेव्हा जीभ सुटली तुला? रोडोपेचं नाव तू घेतेस? तू?" तिचा आवाज असा चढलेला मी ऐकला नव्हता. शेजारची दारे उघडली. "मी ते तुला सांगितलं होतं, अम्मिया. बाहेर कोणाला सांगत नाहीत ते तुला सांगितलं. का, माहिती आहे? तू विचारलंस म्हणून. मला वाटलं तुला यायचंय. घरी जाऊन मी रोडोपेला म्हटलं, माझी अम्मिया येणार. तिने तुझी जागा धरून ठेवली होती जेवताना! चार महिने! आणि तू काय केलंस? हौदावर गेलीस!"

ती आत आली. तो वाकडा हात तिने माझ्या तोंडासमोर धरला.

"याचं मला काही नाही. टोर्कसला मी क्षमा केली, खरी केली. त्याची बायको तापाने पडली तेव्हा सात दिवस त्याच्या घरी होते मी, त्याच्या हातचं पाणी प्याले. दगड मारणाऱ्या एकेकाला केली. आणि तुझं नाव आलं की तोंडाने क्षमा म्हणायची आणि पोटात निखारा. सोळा वर्षं! मंडळींसमोर उभी राहून खोटं बोलत आले मी. सगळे मला चांगली समजतात. कोणाला सुटली नाही ती गाठ मला सुटली असं समजतात. तुझ्यामुळे खोटी ठरले मी. तुझ्या एकटीमुळे!"

"माझ्या एकटीमुळे?"

"तुझ्या एकटीमुळे!"

हर्मियासने येथे लेखणी थांबवली. मी म्हटले, लिही. मला आनंद झाला. लाज वाटावी असा आनंद झाला. ती मला खाटकात धरत नव्हती. जुडीत मी कधी नव्हतेच.

ती आणखी बरेच बोलली. ते मृत्युपत्रात घेण्यासारखे नाही, काही शब्द तर ख्रिस्ती बाईच्या तोंडी शोभणारे नव्हते. घसा बसला तेव्हा थांबली. माझ्या पायांकडे तिचे लक्ष गेले. "असे लोंबते ठेवतात का पाय? उशी घे खाली, मूर्ख बाई," असे म्हणून तिने डाव्या हाताने उशी सरकवली. क्षमा केली का, हे मी विचारले नाही. ती म्हणाली नाही. "उद्या येते," म्हणाली. आली. आजही येऊन गेली. आजही थोडी रागावली.

सहाव्या कलमाची अट पुरी झाली आहे. ते कलम आता काढून टाकावे. दुकान व बाग तिची.

कलम सातवे व अखेरचे. पश्चिम रस्त्यालगत माझ्या वडिलांनी घेतलेल्या जागेत मला पुरावे. माझ्या उजव्या हाताला एक माणूस मावेल एवढी जागा आहे. ती झोइलाच्या नावाने राखावी. हे मी तिला काल सांगितले. ती म्हणाली, "मी रोडोपेजवळ जाणार, अम्मिया. ते ठरलेलं आहे."

मी म्हटले, "माहीत आहे."

"मग जागा अडवून कशाला ठेवतेस?"

"तिथे दुसरी कोणी नको."

ती जागा रिकामी राहिली तरी चालेल. तिथे कोणाला पुरू नये, दगड लावू नये, आणि सेकुंदाला ती विकू देऊ नये.

वरील मजकूर मला दोनदा वाचून दाखवला, मी तो ऐकला, समजले, आणि माझा आहे असे म्हटले. हर्मियासने काही शब्द सौम्य केले होते, ते मी पुन्हा पहिल्यासारखे करून घेतले. माझ्या हाताने सही व अंगठीचा शिक्का केला आहे.

अम्मिया, पारामोनची मुलगी

साक्षीदार, ज्यांनी माझ्या समोर व एकमेकांच्या समोर शिक्के केले:

दिओस्कुरिदिस, दोर वळणारा
कास्सांद्रोस, आमच्या उताराचा पहारेकरी
लुक्कियोस, वैद्य, जो आज माझ्याकडे बघून बोलला
मेनांद्रोस, तेली
पेत्रोनियोस, जुना शिपाई, एका डोळ्याने अधू, दुसऱ्याने वाचले
अर्तेमोन, नावाडी, डोलेसच्या गलबतावरचा
युलियोस, सरापिसच्या देवळाचा झाडूवाला

लिहिणार: हर्मियास, खांद्याला पट्टी

थेस्सलोनिका. सम्राट हाद्रियान यांच्या कारकिर्दीचे अकरावे वर्ष, दाइसियोस महिन्याचा सतरावा दिवस, गुलाब तोडून झाल्यावर.